कॅम्पसाठी मोठा सुरा : कोणता घ्यावा, आणि घ्यावा का?

व्हाइटफील्डच्या आमच्या घरातून, म्हणजे नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावरून, आज पुन्हा तुमच्याशी बोलतोय. टेबलावर आज चहाच्या कपाशेजारी पाच हत्यारं मांडली आहेत. खाली वर्तमानपत्र अंथरलं आहे, कारण सौ.ची तशी अट आहे. पुस्तकात वाचणाऱ्यांना ती दिसणार नाहीत, म्हणून एकेक सांगत जातो.

पहिला आहे बोटभर पात्याचा साधा चाकू. दुसरी माझ्या आजोळची, सिंधुदुर्गातली कोयती. तिसरी खुकरी. चौथी लांब, पातळ मचेटी. आणि पाचवा हा सुरा, जो माझा नाही. आमच्याच सोसायटीतल्या एका मराठी मुलाचा आहे. आजचा विषय त्याच्यामुळेच निघाला.

हा मुलगा इथल्याच एका आयटी कंपनीत आहे. चार मित्रांबरोबर सकलेशपूरला कॉफीच्या मळ्यात तंबू ठोकून दोन रात्री राहायचा बेत होता. त्यासाठी त्यानं ऑनलाइन सुरा मागवला. पातं 30 सेंटिमीटर, पाठीवर करवतीसारखे दात, मूठ पोकळ, मुठीच्या टोपणात होकायंत्र, आत काड्या आणि गळ. 1982 साली रॅम्बोचा पहिला सिनेमा आला, तेव्हापासून असे सुरे जगभर विकले जातात. मुलगा तो घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, धार बरोबर आहे का बघता?"

मी म्हटलं, "धार नंतर बघू. आधी सांग, तोडणार काय?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "जंगलात लागतोच ना?"

मंडळी, आजचा सगळा विषय या एका प्रश्नात आहे. तोडणार काय? कुठे तोडणार? आणि ती जागा कुणाची? या तिन्हींची उत्तरं आली की सुरा निवडणं सोपं होतं. पुष्कळदा असंही कळतं की मोठा सुरा नकोच आहे.

आधी काम, मग पातं

कॅम्पवर आपण खरोखर काय कापतो, ते मोजून बघा. दोरी कापतो, कांदा-बटाटा चिरतो, पाकिटं फोडतो, तंबूच्या खुंटीला टोक काढतो, जाळ पेटवायला लाकडाचे बारीक छिलके काढतो, जखमेवर बांधायची पट्टी कापतो. या सगळ्याला 10 ते 12 सेंटिमीटरचं पातं पुरतं. टेबलावरचा पहिला चाकू तसाच आहे. स्वीडनमधल्या मोरा गावच्या चाकवांचं पातं साधारण एवढंच असतं, आणि बर्फाळ जंगलात राहणारी माणसं त्यावर आयुष्य काढतात.

मोठं पातं लागतं ते वेगळ्या कामांना. वाट अडवणारी झुडपं साफ करायची, बांबू तोडायचा, मनगटाएवढं वाळकं लाकूड फोडायचं, नारळ सोलायचा, शहाळं फोडायचं. ही कामं लहान चाकूनं करायला गेलात तर चाकू मोडेल किंवा हात कापेल. पण ही कामं तुमच्या कॅम्पवर निघणार आहेत का? तंबू, गॅसची शेगडी आणि विकतचं सरपण असलेल्या कॅम्पवर ती बहुधा निघत नाहीत. पवनेच्या काठी तंबूत राहणाऱ्याला मोठा सुरा कशाला लागेल, ते मला तरी सुचलेलं नाही.

ज्यांची शेती आहे, बाग आहे, मळ्याच्या मालकाच्या परवानगीनं जे झाडोऱ्यात राहतात, त्यांना मात्र मोठं पातं उपयोगी आहे. पुढचं सगळं प्रामुख्यानं त्यांच्यासाठी.

शहाळेवाल्याची शाळा

मोठ्या पात्याचं शास्त्र शिकायचं असेल तर कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याजवळ दहा मिनिटं उभं राहा. आमच्याकडे त्याला एळनीरवाला म्हणतात, आणि त्याच्या हातातल्या हत्याराला मच्चु. कन्नड सिनेमातल्या गुंडांनी या शब्दाला बदनाम केलं, जसा पुण्यात टोळ्यांनी कोयता बदनाम केला. पण हत्यार कष्टाचं आहे.

त्याच्या मच्चुकडे नीट बघा. मुठीकडे पातं अरुंद, पुढे रुंद आणि जड. वजन टोकाच्या बाजूला सरकवलेलं आहे. तो जोर करत नाही. मनगट सैल सोडतो, आणि पात्याचं वजन खाली येता येता स्वतःच काम करतं. दोन-तीन घावांत वरची टोपी उडते.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. हालणाऱ्या वस्तूची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून नुसतं जड पातं घेऊन भागत नाही. ते तुम्हाला वेगानं फिरवता आलं पाहिजे. दुसऱ्या तासाला ज्याचा वेग निम्मा होतो, ते हत्यार तुमच्यासाठी फार जड आहे.

आपल्या ऊसतोड कामगारांना हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यांच्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच "एक कोयता" म्हणतात, एकट्या माणसाला "अर्धा कोयता". ज्यांच्या कष्टाची मोजणीच या हत्याराच्या नावानं होते, ते लोक कोयता हलका आणि पातळ ठेवतात, कारण तो दिवसभर चालवायचा असतो. दुकानात पाच मिनिटं हातात धरून जो भारदस्त वाटतो, तो मळ्यात तासाभरात भार होतो.

माझी स्वतःची कसोटी अशी : हत्यार हातात घेऊन हात समोर सरळ करा आणि शंभरपर्यंत आकडे मोजा. साठाच्या आत हात थरथरला तर हलकं बघा.

चार आकार, चार कामं

आता टेबलावरच्या पात्यांकडे येऊ.

मचेटी. पातं लांब आणि पातळ, जाडी जेमतेम 2 मिलिमीटर. गवत, वेली, ओल्या फांद्या यांच्यासाठी. ओली वेल लवचीक असते. सावकाश मारलेल्या जड घावाला ती वाकून बाजूला होते. पातळ पातं वेगानं आलं तर वाकायच्या आत कापली जाते. पण वाळक्या लाकडात हेच पातं अडकतं किंवा थरथरून हात दुखवतं.

कोयती. कोकणातल्या कोयतीचं टोक आत वळलेलं असतं. त्या वळणाचे दोन उपयोग आहेत. फांदी ओढून जवळ घेता येते, आणि पातं जमिनीवर आपटलं तरी दगडावर धार आपटत नाही. माझे आजोबा ती कमरेमागे आकडीत अडकवून माडावर चढायचे. दोन्ही हात मोकळे, धार शरीरापासून दूर. म्यानबिन काही नाही, पण विचार पक्का. तुमच्या भागातही असंच एखादं हत्यार असेल. बेळगाव, निपाणी, बडोदा, इंदूर, जिथे असाल तिथलं शेतातलं पातं आधी बघा. तिथल्या झाडोऱ्यावर ते पिढ्यान् पिढ्या चालून तयार झालेलं असतं.

दाव. ईशान्य भारतात घरोघरी असतो. फौजेत आम्ही त्याच्याच भाऊबंदाला "दाह" म्हणायचो. मुठीपाशी अरुंद, पुढे रुंद, टोक जवळपास चौकोनी. बांबूला याच्याइतकं चांगलं काही नाही. आमच्या कर्नाटकात कोडगूला गेलात तर ओडिकत्ति दिसेल. रुंद पात्याची, पुढे वळलेली, पाठीमागे पितळी आकड्यात अडकवायची. आज ती प्रामुख्यानं समारंभात दिसते. सप्टेंबरच्या सुरुवातीच्या त्यांच्या शस्त्रपूजेच्या सणात तिचा मान असतो, आपल्या खंडेनवमीसारखा.

आणि खुकरी. तिच्याबद्दल गैरसमज फार. म्यानातून काढली की रक्त लागल्याशिवाय परत जात नाही, असं लोक ऐकवतात. मी गोरखा जवानांना खुकरीनं मटण तोडताना, लाकूड फोडताना, बांबूच्या खुंट्या करताना आणि कांदा चिरताना पाहिलं आहे. रोज रक्त लागलं असतं तर पलटण शिल्लक राहिली नसती. तिचं पातं पुढे वाकलेलं असल्यामुळे धार तिरकी पडते आणि वजन पुढे येतं. पाठ जाड असल्यामुळे लाकूड फाटतं.

पण खुकरीचं म्यान नीट बघा. मागच्या बाजूला दोन पिटुकली हत्यारं असतात. एक कर्दा, म्हणजे छोटा चाकू. दुसरं चकमक, म्हणजे धार सारखी करायला आणि ठिणगी पाडायला लागणारं बोथट पातं. ज्या लोकांनी जगातलं सगळ्यात नावाजलेलं मोठं पातं बनवलं, त्यांनीही त्याच्या पाठीला लहान चाकू बांधून दिला. बारीक काम मोठ्या पात्यानं होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून लहान चाकू आधी घ्या. मोठा नंतर, आणि लागला तरच.

लांबी किती? लाकूड आणि बांबूसाठी 18 ते 22 सेंटिमीटर पुरे. आकडा 22 वर का थांबवला, ते कायद्याच्या भागात कळेल.

पोलाद आणि पाणी

जाहिरातीत पोलादाची नावं आणि आकडे फार असतात. आपल्याला तीनच गोष्टी कळल्या तरी पुरे.

पोलादात कार्बन किती, यावर ते किती कठीण होऊ शकतं ते ठरतं. क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की ते स्टेनलेस, म्हणजे सहजी न गंजणारं. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : पाणी कसं पाजलं. आपल्याकडे "हत्याराला पाणी पाजणं" हा शब्दच आहे. लाल तापलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते काचेसारखं कठीण आणि तितकंच ठिसूळ होतं. मग ते पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा काढायचा. या दुसऱ्या तापवण्याच्या वेळी घासलेल्या पोलादावर रंग चढत जातात, आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग निळा. कोणत्या रंगाला थांबायचं, हे लोहाराचं ज्ञान.

मोठ्या पात्याला आदळआपट सोसायची असते. म्हणून त्याचं पोलाद स्वयंपाकघरातल्या महागड्या सुरीपेक्षा थोडं मऊ हवं. रॉकवेल मापावर 54 ते 57 हा आकडा दिसला तर चांगला. 60 च्या वरचा मोठा सुरा गाठीवर आपटला तर धारेचा टवका उडू शकतो. मऊ पात्याची धार फार तर वळते, ती दगडावर सरळ करता येते.

आपले लोहार बहुधा ट्रकचे जुने पाटे वापरतात. हे स्प्रिंगचं पोलाद साधारण 0.6 टक्के कार्बनचं असतं, आणि धक्के सोसण्यासाठीच बनवलेलं असतं. एकच धोका : जुन्या पाट्यात न दिसणाऱ्या बारीक चिरा असू शकतात. म्हणून लोहाराकडून घेताना चार गोष्टी करा. पातं मुठीशी सैल धरून चमच्यानं ठोका. स्वच्छ टणत्कार यायला हवा. आवाज फुटका आला तर परत ठेवा. पाठीकडून एक डोळा मिटून बघा, पातं सरळ आहे का. धारेवर कानस हलकेच फिरवा. कानस लोण्यासारखी रुतली तर पातं फार मऊ, अजिबात न चावता घसरली तर फार कठीण, थोडी अडखळत चावली तर ठीक. आणि चौथी गोष्ट, मूठ. तिच्यासाठी मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

मूठ

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नवा कॅप्टन होतो. मिझोराममधल्या वैरेंगटेला आपल्या लष्कराची जंगलयुद्धाची शाळा आहे. तिथला कोर्स करून आलो होतो आणि स्वतःला जंगलातला मोठा जाणकार समजत होतो. एका सकाळी माझी तुकडी बांबूच्या बेटातून वाट काढत होती. पुढे सातारा जिल्ह्यातला एक जवान होता. चपळ, हसतमुख, कबड्डीत कुणाला न सापडणारा. त्याच्या हातात दाह. पाऊस रात्रभर पडून गेला होता.

घाव घालताना पातं मुठीत हललं. घाव तिरका बसला, बांबूवरून घसरला आणि त्याच्या डाव्या गुडघ्याखाली गेला. हाडापर्यंत.

रक्त थांबवायला आम्हाला बराच वेळ लागला. त्याच बांबूचं स्ट्रेचर केलं आणि त्याला रस्त्यापर्यंत आणायला पाच तास लागले. जीव वाचला. पण पाय पूर्वीसारखा वाकला नाही. त्याची मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि तो स्टोअरमध्ये बसला. कबड्डी संपली.

नंतर मी तो दाह उघडून बघितला. पात्याचा मुठीत शिरणारा भाग, ज्याला इंग्रजीत टँग म्हणतात, आपण शेपूट म्हणू, तो करंगळीपेक्षा बारीक होता आणि मुठीच्या निम्म्यापर्यंतही पोचत नव्हता. लाकूड पावसात फुगलं, उन्हात आकसलं, आणि पकड सुटली. दोष हत्याराचा होताच. पण त्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या रायफली तपासल्या होत्या. दाह तपासला नव्हता. तो मला हत्यार वाटलाच नव्हता. हे ओझं अजून माझ्याकडेच आहे.

म्हणून सांगतो, दुकानात पात्याकडे बघण्याआधी मुठीकडे बघा. मोठ्या सुऱ्यात शेपूट मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं. दोन्ही बाजूंच्या लाकडी फाका आणि मध्ये पोलादाची कड दिसली, आणि आरपार दोन-तीन रिव्हेटा असल्या, तर उत्तम. शेपूट बारीक असलं तरी चालेल, पण ते मागून बाहेर काढून ठोकलेलं हवं. मूठ भिजवून बघा, साबण लावून बघा. हाताला निसटते का? मागे थोडा फुगवटा आहे का, म्हणजे हात सरकून पुढे किंवा हत्यार सुटून मागे जाणार नाही? मूठ गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर ती भिंतीवर लावायची आहे.

आता त्या मुलाचा पाचवा सुरा. मूठ पोकळ, म्हणजे शेपूट आत जायला जागाच नाही. 30 सेंटिमीटरचं पातं मुठीशी इंचभर जोडलेलं. पहिल्या गाठीलाच ते सुटून कुठे जाईल, सांगता येत नाही. पाठीवरच्या दातांनी लाकूड कापत नाही, फक्त म्यान फाटतं. आणि होकायंत्र एवढ्या पोलादाला चिकटून बसलेलं, ते उत्तर कशी दाखवणार?

म्यानाबद्दल एकच सांगतो. खुकरी किंवा कुठलंही मोठं पातं उपसताना म्यान मुठीत कवटाळू नका. धारेच्या बाजूची शिवण कापून पातं बोटांवर येतं. म्यान पाठीच्या बाजूनं धरायचं, बोटं धारेकडे जाऊ द्यायची नाहीत. आणि घरी आल्यावर पातं चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं, पातं गंजतं. पुसून, तेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून ठेवा.

कायदा काय म्हणतो

आता तिसरा प्रश्न : जागा कुणाची? इथे बरेच सुशिक्षित लोक अडकतात.

शस्त्र कायदा 1959 चा. त्याखालच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या एका वर्गात मोडतात. 9 इंच म्हणजे 22.86 सेंटिमीटर. तलवारी, खंजीर, कृपाण, खुकरी यांची नावं त्यात आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. या वर्गाला परवाना सगळीकडे लागत नाही. केंद्र सरकारनं कलम 4 खाली ज्या भागासाठी अधिसूचना काढली असेल, तिथे लागतो. म्हणून तुमच्या जिल्ह्यात काय आहे, ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या. विचारल्यानं मान जात नाही.

शिवाय स्थानिक मनाई हुकूम असतात. महाराष्ट्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सणासुदीला, निवडणुकीला असे हुकूम निघतात, आणि त्यात सुरे, तलवारी, लाठ्या घेऊन फिरायला बंदी असते. कोयता शेतीचा आहे हे खरं, पण तो कमरेला लावून तुम्ही शहरात चहा पीत असाल, तर पोलीस विचारणारच की शेत कुठे आहे.

कोडगूच्या कोडवा लोकांकडे बंदुका असतात, मग आम्हाला सुरा का नाही, असं इथे बरेच जण विचारतात. त्यांची सूट इंग्रजांच्या काळापासूनची आहे. कोडवा समाज आणि तिथले जम्मा जमीनधारक यांच्यापुरती ती आहे, आणि 2019 मध्ये ती 2029 पर्यंत वाढवली गेली. पाहुण्यांना ती लागू नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अभयारण्य. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जायला त्यात मनाई आहे, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. इंचांची सवलत तिथे नाही. तिथे जाळ करायलाही मनाई आहे. राखीव जंगलात झाड तोडणं हा गुन्हा आहे. म्हणजे मंडळी, ज्या जंगलाचं स्वप्न बघून आपण मोठा सुरा घेतो, त्या बहुतेक जंगलात त्यानं करायचं एकही काम कायदेशीर नाही. तो चालतो आपल्या शेतात, आपल्या बागेत, किंवा मालकानं सांगितलेल्या जागी.

प्रवासाचं म्हणाल तर विमानात केबिनमधल्या बॅगेत चाकू चालत नाही. व्हाइटफील्डला 2023 मध्ये मेट्रो आली. तिथे बॅग यंत्रातून जाते, त्यामुळे सुरा घेऊन मेट्रोनं जायचा विचार सोडा. गाडीनं जाताना हत्यार म्यानात, कापडात गुंडाळून, डिकीत तळाशी.

चालवण्याचे पाच नियम

एक. हत्यार हातात घेऊन हात लांब करा आणि सावकाश गोल फिरा. त्या वर्तुळात माणूस, कुत्रं, तंबूची दोरी, वरची फांदी, काही नको. मूल दिसलं की काम थांबवा.

दोन. घाव चुकला तर पातं कुठे जाईल, हे घाव घालण्याआधी बघा. तुमचा पाय त्या रेषेत नको. जमिनीवरचं लाकूड तोडताना गुडघ्यावर बसा. मग चुकलेला घाव मातीत जातो.

तीन. बांबू तिरका तोडू नका. तिरका खुंट म्हणजे जमिनीत रोवलेला भाला. पेराच्या वर, जमिनीलगत, आडवा कापा.

चार. दमलात की हत्यार ठेवा. अंधार पडला की ठेवा. पोटात दारू असेल तर हात लावू नका. अपघात धारदार पात्यानं होतात तसे बोथट पात्यानंही होतात, कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते घसरतं.

पाच. कापलंच तर स्वच्छ कापड थेट जखमेवर दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका. सलग दहा मिनिटं दाब. हात-पाय वर ठेवा. रक्त भळभळून येत असेल तर दाबून धरत लगेच दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

तुम्ही विचारलेले काही प्रश्न

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय, स्टेनलेस घ्यावं की साधं कार्बनचं? ताई, समुद्राकाठी किंवा सह्याद्रीच्या पावसात राहत असाल आणि हत्यार वर्षातून दोनदाच निघत असेल, तर स्टेनलेस. रोज वापरत असाल तर कार्बनचं. ते धार लवकर घेतं, आणि रोज पुसलं जात असल्यामुळे गंजत नाही.

बडोद्याचे एक काका विचारतात, धार कोणत्या कोनात लावायची? काका, तोडायच्या पात्याला दोन्ही बाजूंनी साधारण 20 अंश. मोजायला सोपं : पातं 5 सेंटिमीटर रुंद असेल तर दगडावर ठेवून पाठ पावणेदोन सेंटिमीटर उचला. त्याहून पातळ धार भाजीला छान, पण लाकडावर वळते.

एका कॉलेजच्या मुलाचा प्रश्न : स्वसंरक्षणासाठी कोणता सुरा चांगला? बाळा, त्यासाठी कोणताच नाही. ज्यानं आयुष्यभर शस्त्र बाळगलं त्याचं ऐक. सुरा निघाला की साधी बाचाबाची खुनाच्या खटल्यात जाते, आणि बहुतेक वेळा सुरा काढणाऱ्याचं आयुष्य आधी संपतं. चांगले बूट घे. निघून जायला कामी येतील.

त्या मुलाचं काय झालं?

त्यानं सुरा परत पाठवायचा प्रयत्न केला, मुदत संपली होती. म्हणून तो माझ्या टेबलावर आहे. मी त्याला माझा पहिला, लहान चाकू दिला आणि सकलेशपूरला पाठवलं. परत आल्यावर म्हणाला, "काका, मळ्यावरच्या माणसानं त्याच्या कत्तीनं आम्हाला दोन मिनिटांत सरपण फोडून दिलं. मी करून बघू का विचारलं, तर म्हणाला, आधी बूट घाल."

तो मळेवाला मला कधी भेटला नाही, पण तो मला माझ्याच पलटणीतला वाटला.

पोकळ मुठीचा सुरा मी धार घालवून माळ्यावर टाकणार आहे. आजोळची कोयती दरवर्षी खंडेनवमीला पुसून, तेल लावून पाटावर ठेवतो. आजोबांनी इतकी वर्षं दगडावर घासून ती निम्मी केली आहे, पण मूठ अजून हललेली नाही. त्या दिवशी मी तिच्या मुठीला हात लावून तपासतो. साताऱ्याच्या त्या पोराची आठवण येते.

तुमच्या घरात कोयता, कोयती, विळा, जे असेल ते आज काढा. मूठ हलवून बघा. हलली तर आजच लोहाराकडे न्या.

पुढच्या भागात दोरी आणि पाच गाठी. मीटरभर दोरी जवळ घेऊन बसा. नमस्कार. जय हिंद.